‘विंचेल’ (१९९८) : नाव एकाचं, ओळी दुसऱ्याच्या

प्रूफवाचक

परवा रात्री ‘विंचेल’ तिसऱ्यांदा पाहिला. एचबीओने टीव्हीसाठी केलेला १९९८चा चित्रपट. दिग्दर्शक पॉल मझुर्स्की, आणि वॉल्टर विंचेलच्या भूमिकेत स्टॅन्ली टुची. टुचीला या कामासाठी एमी आणि गोल्डन ग्लोब दोन्ही मिळाले. यावर मराठीत काही वाचल्याचं मला आठवत नाही, आणि विषय माझ्या जुन्या धंद्याशी जोडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

विंचेल कोण, हे आधी सांगायला हवं, कारण आज अमेरिकेतसुद्धा तिशीतल्या माणसाला हे नाव चटकन लागत नाही. जन्म १८९७, न्यूयॉर्क, गरीब ज्यू घर. लहानपणापासून वॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाचगाण्याच्या फिरत्या खेळांत, पोट भरणारा मुलगा. १९२४ साली ‘इव्हिनिंग ग्राफिक’मध्ये लागला. हे पत्र इतकं भडक होतं की फोटो मिळाला नाही तर नट उभे करून खोटा प्रसंग टिपायचे आणि त्यावर खऱ्या माणसांचे चेहरे चिकटवून छापायचे. तिथून १९२९ साली वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या ‘डेली मिरर’मध्ये. पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याचं ‘ऑन ब्रॉडवे’ हे सदर अमेरिकेने रोज सकाळी वाचलं. ऐन भरात ते दोन हजारांच्या आसपास वर्तमानपत्रांत छापलं जायचं आणि वाचकांचा आकडा पाच कोटी सांगितला जायचा. देशाची लोकसंख्या तेव्हा तेरा कोटी.

शिवाय रविवारी रात्री नऊ वाजता रेडिओवर पंधरा मिनिटं. सुरुवातीला तारयंत्राची कडकड, मग ‘मिस्टर अँड मिसेस अमेरिका’ आणि समुद्रावरच्या सगळ्या जहाजांना उद्देशून सलाम, आणि मग श्वास न घेता बातम्या. तारयंत्राचं बटण तो स्वतः बडवायचा. त्या कडकडीत कुठलाही संदेश नसायचा, फक्त घाई असायची. आपण कानाला रेडिओ लावून बसलोय आणि हा माणूस आत्ता, या क्षणी, जगाची बातमी घेऊन धावत आलाय, एवढं पटवणं हे त्या बटणाचं काम. टुचीने ही घाई अंगात भिनवली आहे. डोक्यावर हॅट, मान पुढे, शब्द एकमेकांच्या पाठीवर चढलेले. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी फक्त टुचीला बघत होतो.

सदराची भाषा त्याने स्वतः घडवली होती. छोट्या छोट्या बातम्या, मध्ये तीन टिंबं, पुढची बातमी, पुन्हा तीन टिंबं. तेव्हा घटस्फोट लवकर हवा असेल तर अमेरिकन माणूस नेवाडातल्या रेनो शहरी जायचा, सहा आठवडे राहिलं की काम व्हायचं. विंचेल लिहायचा, अमकं जोडपं ‘रेनो-व्हेट’ होतंय. ‘घटस्फोट’ हा शब्द कुठेच नाही, त्यामुळे कोर्टात खेचायला धागा नाही, आणि वाचकाला मात्र सगळं कळलं. आपल्याकडे हे काम ‘म्हणे’ हा एक शब्द करतो. ‘त्यांचं म्हणे बिनसलंय.’ लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेलं नसतं आणि सगळं सांगून झालेलं असतं.

आता मुद्द्याचं. दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पाहताना माझी नजर विंचेलवरून हलली आणि पॉल जियामाटीवर जाऊन बसली. जियामाटी इथे हर्मन क्लरफेल्ड आहे. क्लरफेल्ड हा खराखुरा माणूस. १९३० च्या दशकात विशी गाठत असताना विंचेलकडे आला आणि जवळजवळ तीन दशकं विंचेलच्या नावाने लिहीत राहिला. विनोद, शाब्दिक कोट्या, राजकीय टोले, आख्खे रकानेच्या रकाने. पाच कोटी लोक जे वाचत होते त्यातलं कितीतरी याच्या टाइपरायटरवरून आलेलं, आणि वर नाव विंचेलचं. पुढे त्याने विंचेलवर पुस्तक लिहिलं आणि हा चित्रपट त्यावरच बेतलेला आहे. म्हणजे आपण विंचेलची गोष्ट बघतो ती त्याच्या लेखनिकाच्या डोळ्यांनी.

माझ्या मते चित्रपटाचं खरं बळ इथे आहे. बलाढ्य माणसाचा उदय आणि अस्त आपण शंभरदा पाहिलेला असतो. पण त्या बलाढ्य माणसाची ओळ जिथे तयार होते ती खोली, आणि त्या खोलीत ‘हे जाऊ द्यावं की थांबवावं’ असं मनात म्हणून शेवटी जाऊ देणारा दुसरा माणूस, हा पडद्यावर फारसा दिसत नाही. जियामाटीचा चेहरा ते दाखवतो. तो मालकावर प्रेम करतो, त्याला घाबरतो, आणि त्याच्यासारखं लिहिता लिहिता स्वतःची भाषा कुठे गेली हे शोधतो.

हे मला का लागलं ते सांगतो. १९९४ साली मी मुंबईतल्या एका दैनिकात प्रूफं तपासत होतो. शुक्रवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर नाट्य-सिने कुजबुजीची एक चौकट असायची. एका आठवड्यात त्यात आलं होतं की ठाण्याकडे राहणारी, सध्या दोन नाटकांत असलेली एक अभिनेत्री प्रयोग संपला की म्हणे निर्मात्याच्या गाडीतूनच घरी जाते. नाव नाही. पण त्या वर्षी ठाण्याकडची आणि दोन नाटकांत असलेली अशी एकच बाई होती. प्रूफात ‘निर्मात्याच्या’मधली ‘नि’ दीर्घ पडली होती. मी ती ऱ्हस्व केली, समासात खूण केली, पान सोडलं. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, वेळ झाली होती. घाई होती हे खरं, तरी ओळ मी दोनदा वाचली होती.

शनिवारी सकाळी फोन मीच उचलला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘त्या गाडीत माझ्या सासूबाईही असतात हो. त्यांना दिसत नाही म्हणून त्या प्रयोग ऐकायला येतात. ते नाही का लिहिलं?’ मी विचारलं, संपादकांना जोडू का. ‘नको’ म्हणाली आणि फोन ठेवला. खुलासा कधी छापला गेला नाही.

तुम्ही हा चित्रपट पाहिला असेल तर तुम्हाला क्लरफेल्ड कसा वाटला, ते वाचायला आवडेल.

नदीकाठ

फार आतून लिहिलंय. सासूबाईंचं वाचून थांबले. चित्रपट पाहिलेला नाही, आता पाहते.

कोरा कागद

चित्रपट आवडता आहे, पण तुमच्या लेखातला विंचेल मला अर्धा वाटला. चौकटीतल्या ‘म्हणे’च्या पंक्तीत त्याला बसवून चालणार नाही.

हिटलर सत्तेवर आला तो जानेवारी १९३३ मध्ये. त्याच वर्षी विंचेल त्याच्यावर तुटून पडला, तेही ब्रॉडवेच्या गप्पांच्या सदरातून, जेव्हा मोठमोठी भारदस्त पत्रं ‘बघू काय होतंय’ या पवित्र्यात होती. नाझींना तो ‘रॅट्झी’ म्हणायचा. अमेरिकेतली जर्मन-अमेरिकन बुंड ही हिटलरभक्तांची संघटना, तिचा म्होरक्या फ्रिट्झ कून, यांना त्याने वर्षानुवर्षं सोडलं नाही. २० फेब्रुवारी १९३९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या बुंडच्या सभेला वीस हजार माणसं जमली होती. नुसतं डोळ्यांपुढे आणा, न्यूयॉर्क शहर, व्यासपीठावर वॉशिंग्टनचं प्रचंड चित्र आणि दोन्ही बाजूंना स्वस्तिकं. अशा वेळी एका गरीब ज्यू घरातल्या, शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने पाच कोटी वाचकांसमोर उभं राहून हे लोक कोण आहेत ते सांगितलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला त्याची किंमत कळली होती. चित्रपटात ख्रिस्तोफर प्लमर रूझवेल्ट झालाय, ते प्रसंग नीट बघा.

ज्यांच्या हातात अग्रलेख होते ते गप्प होते आणि ज्याच्या हातात कुजबुज होती तो बोलला. मला वाटतं एवढ्यासाठी त्याचं बाकीचं पुष्कळ माफ व्हावं.

तिसरी घंटा

मी दुसऱ्या बाजूने बोलते. व्यावसायिक नाटकाच्या व्यवस्थापनात पंधरा वर्षं होते. प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, सुरू व्हायच्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या तर खिडकीवर फरक दिसतो, हे मी हजारदा अनुभवलंय. जाहिरातीला पैसे पडतात आणि ती जाहिरात आहे हे लोकांना माहीत असतं. सदरातली ओळ लोक खरी मानतात. म्हणून आम्ही बातम्या पेरायचो. होय, पेरायचो. प्रयोगाचे पास, तालमीचे फोटो, ‘ही गोष्ट फक्त तुम्हालाच सांगतेय’.

विंचेलच्या भोवती हा धंदा केवढा मोठा होता! ब्रॉडवेवरचे प्रसिद्धी-एजंट त्याला विनोद आणि बातम्या फुकट पुरवायचे. चार-पाच चांगल्या गोष्टी पुरवल्या की एकदा त्यांच्या गिऱ्हाईकाचं नाव सदरात. त्या एका नावावर एजंटची पोटापाण्याची सोय. बातमी खोटी निघाली की एजंटचं नाव काळ्या यादीत, आणि त्या यादीचं नावच मुळी ‘ड्रॉप डेड लिस्ट’. यादीत गेलेल्या माणसाचे फोन घेतले जायचे नाहीत, गिऱ्हाईकं सोडून जायची. लोक विंचेलला घाबरायचे असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे नट-नट्या येतात. सगळ्यात जास्त घाबरलेले हे एजंट होते, पावसात हॉटेलच्या दाराशी उभे राहणारे.

प्रूफवाचक, तुमच्या त्या चौकटीतली ओळसुद्धा आकाशातून पडली नसणार. कुणीतरी पेरली असेल. बहुतेक तिच्याच जागी दुसरीला उभं करू पाहणाऱ्याने.

प्रूफवाचक

तिसरी घंटा, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. तीस वर्षांत नाही आलं.

कोरा कागद, तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. ते त्याचं सर्वात चांगलं काम आहे आणि लेखात ते राहिलं ही माझी चूक. पण ‘माफ व्हावं’ इथे मी अडतो, कारण जोसेफिन बेकर.

१६ ऑक्टोबर १९५१. जोसेफिन बेकर, कृष्णवर्णी, पॅरिस गाजवलेली गायिका-नर्तिका, युद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी जीव धोक्यात घातलेली बाई. त्या वर्षी अमेरिकेच्या दौऱ्यावर. जिथे काळ्या प्रेक्षकांना बसू देणार नाहीत तिथे मी गाणार नाही, अशी तिची अट. या अटीचं विंचेलने तेव्हा सदरात कौतुकही केलं होतं. त्या रात्री ती मित्रांबरोबर स्टॉर्क क्लब या न्यूयॉर्कच्या बड्या नाइटक्लबमध्ये जेवायला गेली. ऑर्डर दिली. स्टेक येईना, वाइन येईना. तासभर झाला तरी टेबल रिकामं. ती उठली, फोन करून आली, तक्रार जगजाहीर केली. विंचेल त्या रात्री त्याच क्लबात होता. आपण त्याआधीच निघून गेलो होतो आणि काही पाहिलं नाही, असं त्याचं म्हणणं.

ठीक, धरून चालू की पाहिलं नाही. क्लबचा मालक त्याचा दोस्त, हेही समजू शकतो. पण टीका आपल्यावर येतेय म्हटल्यावर त्याने काय केलं? तिचं १९३५ सालचं मुसोलिनीचं कौतुक उकरून काढलं, कम्युनिस्टधार्जिणी म्हटलं, ज्यूद्वेष्टी म्हटलं. आठवड्यामागून आठवडे. १९५१ च्या अमेरिकेत ‘कम्युनिस्ट’ या शब्दाचा अर्थ काय होता ते तुम्हाला सांगायला नको. तिचे कार्यक्रम रद्द झाले. तिने खटला भरला, तो पुढे गेला नाही. ज्या देशात ती जन्मली तिथे तिला बरीच वर्षं नीट काम करता आलं नाही.

बुंडबद्दल लिहिताना त्याच्याकडे माहिती यायची, एफबीआय या तपाससंस्थेचा प्रमुख हूवर याच्याकडून यायची, ज्यू संघटनांनी कागदपत्रं गोळा केलेली असायची. बेकरबद्दल लिहिताना त्याच्याकडे फक्त राग होता. आणि छापल्यावर दोन्ही सारखंच दिसतं. तोच टाइप, तीच तीन टिंबं, तीच घाई. वाचकाला फरक कळायला जागा नसते. तो फरक फक्त त्या खोलीत बसलेल्यांना माहीत असतो. म्हणून मी पुन्हा क्लरफेल्डपाशी येतो.

कोरा कागद

बेकर प्रकरणाचं समर्थन मी करणार नाही. ‘माफ व्हावं’ हा शब्द मागे घेतो. पण आधीच्या कामाचा मान कमी होऊ नये, यावर ठाम आहे.

एक जोडतो. त्या वेळी एड सुलिव्हान, एकेकाळी त्याच ‘ग्राफिक’मध्ये काम केलेला, रेडिओवर जाऊन विंचेलवर उघड तुटून पडला. आणि जानेवारी १९५२ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने विंचेलवर २४ भागांची लेखमाला चालवली. विंचेलने उलट ‘पोस्ट’च्या संपादकालाच कम्युनिस्ट ठरवलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५५ मध्ये त्याला शब्द मागे घ्यावे लागले. आयुष्यभर खुलासा न छापणाऱ्या माणसाला छापावा लागला. तोवर तो कम्युनिस्टांच्या शोधात लोकांमागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीच्या तंबूत जाऊन बसला होता, हेही खरं.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहते आणि मॅनहॅटनला नोकरीला आहे. स्टॉर्क क्लब १९६५ मध्ये बंद पडला. ३ ईस्ट ५३ या पत्त्यावर आता पेली पार्क आहे, १९६७ पासून. बाग म्हणावी एवढीही जागा नाही, दोन इमारतींच्या मधली फट. मागच्या भिंतीवरून वीस फुटांचा धबधबा सतत कोसळतो, वर पातळ पानांची झाडं, आणि हव्या तिथे ओढून नेता येतील अशा जाळीच्या खुर्च्या. उन्हाळ्यात मी डबा घेऊन तिथे जाते.

या धाग्यानंतर गेल्या मंगळवारी मुद्दाम गेले. आतल्या ‘कब रूम’मध्ये ५० नंबरचं टेबल विंचेलचं असायचं असं वाचलंय. ते नेमकं कुठे असेल याचा अंदाज करत बसले. एक गोष्ट जाणवली ती सांगते. धबधब्याच्या आवाजामुळे तिथे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. दोन हातांवर बसलेले दोघं काहीतरी रंगात येऊन सांगत होते, तोंडं हलताना दिसत होती, शब्द एकही नाही. आणि माझ्या डाव्या हाताला एक आफ्रिकन-अमेरिकन आजी नातवाला सँडविच भरवत होत्या. मी बराच वेळ बेकरच्या त्या तासाभराचा विचार करत होते. तासभर म्हणजे किती वेळ असतो, रिकाम्या टेबलाशी बसून!

नदीकाठ

हडसनकाठी, काय लिहिलंत.

बेकरचा सन्मान मात्र उशिरा का होईना झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, म्हणजे देशाच्या थोरांच्या स्मारकात, जागा दिली. तिथे गेलेली पहिली कृष्णवर्णी स्त्री.

रानजाई

याच विषयावरचा आणखी एक टीव्ही-चित्रपट म्हणजे १९८५चा ‘मॅलिस इन वंडरलँड’. हॉलिवूडच्या दोन गॉसिपराण्या, लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर, त्यांचं वैर. लुएला झालीय एलिझाबेथ टेलर आणि हेडा जेन अलेक्झांडर. टेलर स्वतः आयुष्यभर अशा सदरांचं खाद्य झालेली, आणि तिने लुएला साकारावी, याचंच मला जास्त अप्रूप. चित्रपट म्हणून ‘विंचेल’च्या पासंगाला पुरत नाही. टोप्या, पार्ट्या, टोमणे यांतच तो रमतो. लुएलाने हर्स्टसाठी १९४१ मध्ये त्याच्यावरच बेतलेला ‘सिटिझन केन’ दाबायला जंग जंग पछाडलं, हेडाने कम्युनिस्ट ठरवलेल्या लेखक-कलावंतांच्या मागे लागून त्यांना देशोधडीला लावायला हातभार लावला, ते वजन त्यात नाही.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. आपल्या माणसांवर असं कधी होणार? बाबूराव पटेल घ्या. मूळ पालघरजवळच्या मासवणचे, १९३५ मध्ये मुंबईतून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं, आणि त्यांच्या परीक्षणाने निर्मात्यांची झोप उडायची. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं लोक पाठ म्हणायचे. भारतीयांना हिणवणाऱ्या ‘द ड्रम’सारख्या विलायती चित्रपटांविरुद्ध १९३८ मध्ये याच माणसाने रान उठवलं आणि याच लेखणीने कित्येक नट्यांच्या दिसण्यावर अतिशय हीन शेरे मारले. कोरा कागद आणि प्रूफवाचक यांचा सगळा वाद या एका माणसात आहे. नंतर ते खासदारही झाले. आणि ‘स्टार अँड स्टाइल’मधल्या देवयानी चौबळ! हिंदी-इंग्रजीची खिचडी भाषा त्यांनी सदरात आणली, तीच पुढे सगळ्या फिल्मी मासिकांची भाषा झाली. एका मराठी बाईने मुंबईच्या तारे-तारकांना धाकात ठेवलं. यांच्यावर नीट अभ्यास करून कुणी मालिका का करत नाही?

तिसरी घंटा

रानजाई, पटेलांवर केलीच तर त्यांच्या पत्नी सुशीलाराणींना धरून करावी. त्या गायिका होत्या, पुढे शिष्यांना शिकवत राहिल्या. त्या घराच्या आतून ती लेखणी कशी दिसत असेल? तिथेही एक क्लरफेल्ड सापडेल.

कोरा कागद

विंचेलच्या शेवटाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. १९६२-६३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा ११४ दिवसांचा संप झाला, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये ‘मिरर’ बंद पडलं. त्यानंतर त्याला घर उरलं नाही. मुलाने १९६८ च्या नाताळात आत्महत्या केली. लॅरी किंग सांगायचे की शेवटी शेवटी विंचेल आपलं सदर सायक्लोस्टाइल करून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वाटायचा. फेब्रुवारी १९७२ मध्ये गेला. अंत्यविधीला एकटी मुलगी वाल्डा. जिच्या प्रेमप्रकरणात त्याने स्वतःची सगळी ताकद लावून मोडता घातला होता, तीच.

नदीकाठ

काल रात्री पाहिला. तुम्ही सांगितलं म्हणून पूर्ण वेळ जियामाटीवर लक्ष ठेवलं. तो फार थोडं करतो आणि सगळं कळतं.

प्रूफवाचक, विचारू का? त्या अभिनेत्री पुढे कधी भेटल्या का?

प्रूफवाचक

एकदा. २००३ मध्ये, गडकरी रंगायतनला. मध्यंतरात आत गेलो. त्या आरशासमोर बसून केसातल्या पिना काढून पुन्हा लावत होत्या. मी माझं नाव सांगितलं, ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मग वर्ष सांगितलं, चौकट सांगितली, आणि म्हणालो, ते प्रूफ मी वाचलं होतं.

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. चहा आला होता, त्यातला एक कप माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, ‘सासूबाई गेल्या हो. आता चार वर्षं होतील.’ मग तिसरी घंटा झाली आणि त्या उठल्या.